आत कोणी नसतानाची दोरी

सोमवार, ४ तारीख
आत कोणीच नसेल, तर दोरी कुणासाठी धरायची? प्रशिक्षक सरांनी आज वर्गात हा प्रश्न टाकला आणि माझं उत्तर चुकलं. बाकी दिवस मात्र झकास गेला! कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे आईनं सगळ्या आळीत सांगून ठेवलंय. बाबा एवढंच म्हणाले, जपून गं.

कामगार सरांना 'महाराज' म्हणतात. मुकादमकाकांच्या मते महाराज साधी बुटाची नाडी बांधायला सांगतील, तरी आधी प्रवचन देतील. मला ते प्रवचन आवडलं. हेल्मेट चढवताना मान झुकते, तेवढी नम्रता रोज फुकट मिळते, असं ते म्हणाले. मी लिहून घेतलं.

मंगळवार, ५
आज प्रात्यक्षिक. जमिनीखालच्या टाकीत सफाईला उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असते आणि तिचं दुसरं टोक वर, तोंडाशी बसलेल्या पहारेकऱ्याच्या हातात. खालून झटका आला म्हणजे 'आहेस ना?' वरून उलट झटका द्यायचा, म्हणजे 'आहे.' पहारेकऱ्यानं जागा सोडायची नाही. उठायचंच असेल, तर दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन. सर म्हणाले, माणसाला जन्मभर एवढंच हवं असतं, वरून 'आहे' म्हणणारं कोणीतरी. माझे डोळे भरून आले.

टाकी रिकामी होती, दोरी सरावापुरती आत सोडलेली. सरांनी टोक माझ्या हातात दिलं. लगेच झटका आला. सरांचीच काहीतरी युक्ती असणार, म्हणून मी उत्साहानं उत्तर दिलं. सर आपलं मनगट चोळत हसले. मग रडायलाच लागले.

गुरुवार, ७
सरांनी नोकरी सोडली. कुणाचा निरोपही घेतला नाही. महाराजांना मोक्ष मिळाला, अशी थट्टा चालली होती. मी मुकादमकाकांना त्या झटक्याबद्दल विचारलं, तर त्यांचं हसू मावळलं. पूर्वी त्या टाकीत एक सफाईवाला गुदमरून गेला. तो दोरी ओढत राहिला आणि पहारेकरी चहाला गेला होता. कोण पहारेकरी, असं मी विचारलं. काका म्हणाले, आता कळलं ना, महाराज एवढं का बोलायचे ते.

शनिवार, ९
जेवणाच्या सुट्टीत मनगटाला झटका बसला. हातात दोरी नव्हती, डबा होता. मी लक्ष दिलं नाही. नंतर टाकीपाशी गेले तर दोरी सैल पडलेली, हातभर वर आलेली, ओली. पुन्हा झटका. पुन्हा सैल. कोणीतरी वर चढत होतं. मी घाईघाईनं उत्तर दिलं, तेव्हा कुठे ती परत खाली सरकली.

सोमवार, ११
बसमध्ये. दात घासताना. बाबांना वाढताना. मी हवेतच हात ओढून 'आहे' म्हणते. आई चिडली, एवढं शिकवलं ते काय हातवारे करायला का? मग मनगटावरचा वळ दिसला आणि ती हळद-तेल घेऊन आली.
मुकादमकाकांना विनवलं, थोडा वेळ दोरी धरा. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाले, पोरी, मला लेकरं आहेत.

बुधवार, १३
जेवून जरा डोळा लागला — जागी झाले तर वळ थंडगार. किती झटके चुकले, कोण जाणे. उंबऱ्यावर पाणी. तिथून माझ्या खाटेपर्यंत एक ओली रेघ —
आई स्वयंपाकघरातून ओरडली, दार वाजतंय, बघते गं मी. मी तिच्या आधी धावले. हात ओढत. आहे, आहे, आहे —

शुक्रवार, १५
विभागात नवी मुलगी आली. सरांची जागा रिकामी, म्हणून तिला शिकवायचं माझ्याकडे. तीही घरातली पहिलीच पदवीधर. केवढी खूश —
हेल्मेट, मान, नम्रता. मी बोलत गेले. तिनं लिहून घेतलं.
आई घरी एकटी असते. उंबरा अजून ओला आहे.
नवीला टाकीपाशी नेलं. दोरी दिली. झटका आला, आणि तिनं हसून उत्तर दिलं.
माझा हात हलका झाला. वळही फिका —
ती टेबलापाशी येऊन उभी आहे. मनगट धरून. विचारतेय, ताई, आत तर कोणीच नव्हतं ना? मी मान वर न करता लिहितेय. ती पुन्हा विचारतेय, ताई, तुम्ही आहात ना? मी