गुरुवारचं गाऱ्हाणं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. की सा. न. वि. वि., थोरल्या बहिणीला यातलं कोणतं चालतं ते मी दरवेळी विसरतो. तेव्हा सगळे नमस्कार एकदम घे.

दिवसभर बहिऱ्यांच्या कानात ओरडून घसा बसतो, फोन करू नकोस, पत्र लिही, असं तू बजावलंस म्हणून लिहितोय. बातमी अशी की तुझा भाऊ आता बायकांचा लेखक झालाय. माझ्या तीन जाड कादंबऱ्या गोदामात पडून आहेत. तिन्हींत पहिल्याच पानावर कोणीतरी मरतं. संपादकबाईंनी परवा चहा पाजला आणि म्हणाल्या, पुरे झाले मुडदे, आमच्या मासिकाला एक हलकीफुलकी प्रेमकथा क्रमशः द्या, वाचक सगळ्या बायका आहेत. मी म्हणालो, त्यात काय, पंधरा दिवसांत देतो. त्या नुसत्या हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

टोपणनावही बाईचंच घ्यायचंय. तुझी वहिनी आत्तापासून मला त्या नावाने हाक मारते आणि भाजी निवडायला बसवते.

पहिलं प्रकरण सोबत आहे. नायिका, नायक, गैरसमज, सगळं जिथल्या तिथे. वाचून लगेच कळव. कौतुक असेल तर सविस्तर.

तुझा,
बोरू


११ फेब्रुवारी

चि. बोरूस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि वर एक चापट. ती घरी बायकोकडून वसूल करून घे.

प्रकरण वाचलं. तुझी नायिका पहिल्या पानावर जिन्यात घसरते, तिसऱ्या पानावर ओल्या फरशीवर, आणि अकराव्या पानावर तर नुसती उभी असताना पडते. प्रत्येक वेळी तो ठोंब्या तिला झेलायला हजर. अरे, माणसाचा तोल कानातून सांभाळला जातो. इतकी पडणारी बाई माझ्याकडे आली तर मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवीन, नायकाकडे नाही. ती बँकेत कामाला आहे म्हणतोस, पण बँकेत जाते कधी? तिला भूक लागत नाही, चप्पल चावत नाही, एक मैत्रीण नाही. तू तिला हसतोस, ती कशाला हसते ते तुला ठाऊकच नाही. बायका वाचतात म्हणून काहीही खपतं असं कोणी सांगितलं तुला?

असो. माझंही डोकं ठिकाणावर नाही. एका पेशंटने नाकी नऊ आणलेत. लिफ्ट दुरुस्त करतात ते. तीस वर्षं मोटारीच्या घरघरीत काढून दोन्ही कान गेलेत. कानाचं नवीन मशीन बसवलं डिसेंबरात. तेव्हापासून दर गुरुवारी हजर, का, तर मशीन शिट्टी मारतं. मी आवाजबंद खोलीत बसवून तपासते, शिट्टी नाही. कानातला साचा घासून दिला, नळी बदलली. पुढच्या गुरुवारी पुन्हा आहेच. या गुरुवारी बघितलं तर साचा कानात उलटा बसवलेला! एवढ्या उंचच उंच लिफ्ट उघडून जोडणाऱ्या माणसाला बोटाएवढा साचा सरळ बसवता येऊ नये? मी चांगली खडसावली. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि ऐकू अगदी नीट येत होतं.

वहिनीला आशीर्वाद. भाजी नीट निवड.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. (वहिनीला विचारून लिहिलंय, चुकलं असेल तर तिचं.)

तुझं पत्र म्हणजे परीक्षण नव्हे, पंचनामा होता. नायिका घसरली नाही तर ती दोघं एकमेकांना स्पर्श करणार कशी? बँकेच्या काउंटरवर मध्ये काच असते! आणि चप्पल चावण्याबद्दल कोण वाचणार? मी दोन दिवस रागावून बसलो. मग संपादकबाईंचा निरोप आला, त्यात शब्दाला शब्द तुझाच. तुम्ही दोघी आतून सामील आहात का?

दुसरं प्रकरण तीनदा फाडलं. हे वाटतं तितकं सोपं नाही, हे तुलाच सांगतोय, बाहेर बोलू नकोस. मुडदा बरा होता. तो कुठेही टाका, तक्रार करत नाही. ही बाई मात्र माझं प्रत्येक वाक्य ओढून धरते, मी असं का बोलेन म्हणून.

तुझं पत्र काल वहिनीने वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो ताईंचा लिफ्टवाला पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला. ताई, ते मशीन गुरुवारीच का बिघडतं गं? सोमवारी का नाही? मी आपलं सहज विचारतोय.

तुझा आज्ञाधारक वगैरे,
बोरू


२७ फेब्रुवारी

चि. बोरू यास आशीर्वाद.

तुझा आणि वहिनीचा रिकामटेकडेपणा कळला. गुरुवारी त्यांची सुट्टी असते, इतकी साधी गोष्ट आहे. मी एक्कावन्न वर्षांची आहे, ते सत्तावन्नचे. आमच्या वयात यंत्रंच बिघडतात, दुसरं काही बिघडत नाही.

तरी तुझ्या माहितीसाठी सांगते, की त्यांना आता मी गुरुवारची शेवटची वेळ दिली आहे. प्रश्न संपत नाहीत, मागचे पेशंट खोळंबतात, म्हणून. एवढंच कारण. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, घरात कोणाशी बोलणं होतं, कारण मशीन त्या हिशेबाने लावायचं असतं. त्यांनी लिहिलं होतं, कोणाशी नाही. असं लिहिलेलं असलं की मला जास्त वेळ द्यावा लागतो. आई गेल्यावर आठ वर्षं मीसुद्धा तो रकाना तसाच भरला असता.

या गुरुवारी ते सांगत होते की लिफ्ट अडकली की आतली माणसं आधी घड्याळ बघतात, मग आरसा, आणि मगच एकमेकांकडे. मला बराच वेळ हसू येत होतं. मशीन ठीक होतं.

हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. मनात ठेव.

ताई


९ मार्च

ती. ताई,

घाईत नमस्कार. तिसरं प्रकरण एका बैठकीत झालं! संपादकबाई पहिल्यांदाच खूश आहेत. बँकवालीला बाजूला ठेवून नवीच माणसं आणली आहेत. काय सुचलं ते आता सांगत नाही, छापून आल्यावर वाच. वहिनीलाही दाखवलं नाही, ती प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढते.

बोरू


१४ एप्रिल

बोरू,

आमच्या वेटिंग रूममध्ये ते मासिक येतं, हे तुला माहीत नव्हतं, असं मी धरून चालते.

कानाच्या मशीनचं तू घड्याळ केलंस आणि माझी घड्याळजी. बास, एवढ्यावर तुझी हुशारी संपली. दर गुरुवारी न बिघडलेलं घड्याळ घेऊन येणारा प्रौढ माणूस तसाच. मुद्दाम उलटं लावलेलं झाकण. घरात कोणाशी बोलणं नाही, हेही तसंच. आणि वर तुझ्या पदरचं काय, तर तो गेला की घड्याळजी आणि दुकानातल्या पोरी त्याची नक्कल करून पोट धरधरून हसतात. वाचकांना गंमत वाटावी म्हणून.

मागच्या गुरुवारी मी दहा मिनिटं उशिरा सुटले. तेवढ्यात त्यांनी बाहेर बसून ते वाचलं. मी हाक मारली तर उठले, मासिक त्याच पानावर उघडं टेबलावर ठेवलं, मशीनची डबी काउंटरवर ठेवली आणि मला परक्यासारखं म्हणाले, माझी फाइल दुसऱ्या क्लिनिकला पाठवायची व्यवस्था करा. पुढे म्हणाले, तुमच्या सगळ्यांची करमणूक झाली, चांगलं झालं. मी काही बोलायच्या आत मशीन काढून खिशात टाकलं. ऐकू येऊ नये म्हणून. माझ्यासमोर असं आजवर कोणी केलं नव्हतं.

त्यांना वाटतंय मी हसले. मी हसले होते, पण ते लिफ्टच्या आरशाला. हे आता कुठे सांगू?

पत्र लिहू नकोस.


१८ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

पत्र लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. मी गाढव आहे. वहिनीने प्रकरण वाचलं आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं एकच, तो माणूस मेहनत करून भेटायला येत होता, आणि तुला त्यात फक्त विनोद दिसला.

मी ठरवलंय. येत्या शनिवारी तिकडे येतो. लिफ्ट कंपनीचा पत्ता काढला आहे. सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो, हातात फुलं, मासिकाचा अंक तिथेच फाडतो. तू दारात उभी राहा, बाकीचं मी बघतो.

बोरू


२१ एप्रिल

बोरू,

खबरदार. तू आलास तर मी तुला जिन्यातून ढकलीन आणि झेलायला कोणी नसेल.

माफी मागायची तर गुपचूप माग, गर्दी जमवून नको. सगळ्यांसमोर फुलं घेऊन उभं राहिलं की समोरच्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, हे तुझ्या कोणत्याच नायकाला कसं कळत नाही? तो माणूस आधीच चारचौघांत हसू झालाय असं समजतो आहे. त्याच्या कामाच्या जागी पुन्हा तमाशा कशाला?

तू तुझं निस्तर. माझं मी बघते.

ताई


६ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र उत्तरासाठी नाही, फक्त माहितीसाठी.

मी गोष्ट मागे घेतली. संपादकबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या इतक्या चिडल्या की चहा आलेला परत पाठवला. मला वाटलं, मासिकाचं नुकसान म्हणून चिडल्या. तर त्यांनी एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला. तिसऱ्या प्रकरणावर आलेली वाचकांची पत्रं, त्रेचाळीस. मी आशेने उघडली. बहुतेकींचं एकच विचारणं होतं, घड्याळजी त्याला का हसली? एका शिक्षिकेने लिहिलंय, ही बाई हसणारी नाही, लेखिकेने तिला जबरदस्तीने हसवलं आहे. एका आजींनी लिहिलंय, तो पुढच्या गुरुवारी आला नाही तर मी मासिक बंद करीन. ताई, त्यांना तू कोण हे माहीत नाही, तरी त्या तुझ्या बाजूने भांडत होत्या. आणि मी तुझा सख्खा भाऊ.

मी म्हणालो होतो पंधरा दिवसांत देतो. संपादकबाई का हसल्या ते आता कळलं. पुढच्या अंकात चार ओळी येतील की कथा अपुरी राहत आहे, दोष पूर्णपणे लेखकाचा. लेखकाचा, लेखिकेचा नव्हे. हे मीच लिहून दिलं. सध्या काही लिहीत नाही. वहिनी आता बोलते, थोडंसं.

रागावलेली असलीस तरी तब्येत सांभाळ.

तुझा,
बोरू


१५ मे

चि. बोरूस,

आशीर्वाद. चापट राखून ठेवली आहे.

गुरुवारी अर्धी रजा टाकली. सहा वर्षांतली पहिली, त्यामुळे डॉक्टरांना वाटलं मी आजारी आहे. त्यांनी गुरुवारची सुट्टी बदलून घेतली होती, कुठल्या इमारतीत काम करताहेत ते कंपनीत विचारून घेतलं. तिथे गेले तर लिफ्टच्या दारावर पाटी, दुरुस्ती चालू. अर्थातच. अकरा मजले चढले बोरू, या गुडघ्यांनी. तुझी नायिका मध्येच कोणाच्या तरी अंगावर पडली असती. मी प्रत्येक मजल्यावर थांबून तुला शिव्या दिल्या.

ते वर मशिनरीच्या खोलीत, पाठमोरे, कानांवर आवाज अडवणारे मोठे गोळे चढवलेले. मी पाठ केलेलं सगळं धापा टाकत बोलून गेले. की मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त भावाला लिहिलं होतं, तो लेखक आहे पण वाईट माणूस नाही, आणि कोणीही हसलं नव्हतं. ते वळले तेव्हा कळलं, त्यांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं. मग गोळे उतरवले, मशीन लावलं, आणि मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा पाठ केलेलं काही आठवेना. मी एवढंच म्हणाले की गुरुवारची शेवटची वेळ अजून कोणाला दिलेली नाही.

त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, लिफ्ट झाली आहे, पण तपासणी झाल्याशिवाय माणसं न्यायची नाहीत असा नियम आहे. म्हणून आम्ही जिन्याने उतरलो. नवव्या मजल्यावर ते म्हणाले, राग अजून गेलेला नाही. मी म्हणाले, माझाही नाही. सहाव्यावर विचारलं, तुमचा भाऊ नेहमीच इतकं वाईट लिहितो का. मी म्हणाले, याहून वाईट लिहितो, आधी तर माणसं मारायचा. तेव्हा ते हसले. दुसऱ्यावर त्यांनी विचारलं, रविवारी तुम्ही काय करता. मी म्हणाले, भावाला पत्र लिहिते.

या रविवारी लिहिणार नाही. पत्राची वाट पाहू नकोस. लोभ आहे, वेळ नाही.

तुझी,
ताई