तुमच्या वावरात दोन दिवस

प्रिय आई,

मागच्या रविवारी जुई हॉलमधून एवढ्या मोठ्यानं किंचाळली की मला वाटलं, अंगावर पाल पडली पोरीच्या. कणकेच्या हातानं धावत गेले, तर ही बया फोन नाचवत सोफ्यावर उभी! "मम्मी, आजीचा गेम परत येतोय! नव्या कन्सोलवर! पुढच्या महिन्यात!"

आजीचा गेम. त्या शेतीच्या गेमचं खोक्यावर काय नाव छापलंय ते छापलेलं असू दे, आपल्या घरात त्याला दुसरं नाव नाही. चित्रं नवी केलीत म्हणे, गावात घरं वाढवलीत. हे सगळं मी एका कानानं ऐकत होते. मग ती म्हणाली, "आणि यावेळी दोघांना एकाच शेतात काम करता येणार." तुमच्या लेकानं, नितीननं, पेपरातून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आत गेले आणि कणीक मळत बसले. चांगली मळून झालेली कणीक, पुन्हा.

कोणाला सांगणार होते? ही बातमी ऐकून सगळ्यात आधी जी बोलली असती ती तुम्ही. "बघ, मी सांगत व्हते ना! येवढं वावर एकटीचं काम नाय!" तुम्हाला जाऊन दीड वर्ष होत आलं, पण हे वाक्य मला तुमच्या आवाजात ऐकू आलं. म्हणून लिहायला बसलेय. शिवाय एक गोष्ट आहे आपल्या दोघींतली. तुम्ही माझ्याकडे दोन दिवस मागितले होते आणि मी ते दिले नाहीत. तेवढं बोलल्याशिवाय तो नवा गेम माझ्या घरात यायला नको.

आठवतं, हे कसं सुरू झालं? गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही दिंडोरी रोडचं गाव सोडून नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात. शेत धाकट्या काकांकडे दिलं. जन्मभर मेथी, कोथिंबीर, झेंडू, शेवंती पिकवून पंचवटीच्या बाजारात नेणारी बाई, आणि तिच्या वाट्याला आली गॅलरीतली एक तुळस! तिची माती तुम्ही इतक्या वेळा उकरायचात की बिचारी तुळस वैतागली असेल.

आपण दोघी तेव्हा किती बोलायचो? "चहा टाकू का?" "टाक." झालं. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. मी ऑफिसातली कारकून, तुम्ही मळ्यातल्या. तुम्हाला माझ्या फायली कळायच्या नाहीत आणि मला चवळी आणि मुगाचं रोप वेगळं ओळखता यायचं नाही.

मग एका दुपारी जुई टीव्हीवर तिची शेती करत होती आणि तुम्ही खुर्चीतून ओरडलात, "अगं ए, भर उन्हात पाणी घालती का? रोप उकडून मरंल ना!" जुई म्हणाली, आजी, यात काही होत नाही. तुम्ही म्हणालात, "आण इकडं तो रिमोट." ती शेवटपर्यंत सांगत राहिली की आजी, त्याला कंट्रोलर म्हणतात. तुम्ही शेवटपर्यंत रिमोटच म्हणालात.

पंधरा दिवसांत तुमचं स्वतःचं शेत झालं. नाव 'वच्छलाबाईचा मळा'. टाइप जुईनं केलं, पण "बाईचा लिही, नुसतं वच्छला काय!" हे तुमचं. गाईचं नाव कपिली. मेथी चार दिवसांत आली तेव्हा तुम्हाला आनंद नाही, संशय! "काय औषध मारलंय का हिच्यावर?"

वसुबारसेला तर कहर केलात. मी ऑफिसातून आले तर टीव्हीच्या काचेवर हळदी-कुंकू, समोर निरांजन, आणि पडद्यावर कपिली निवांत उभी. नितीन कपाळाला हात लावून. "आई, टीव्ही आहे तो!" आणि तुम्ही शांतपणे, "मंग? गाय दिसती ना त्यात?" ते कुंकू त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं आणि कोपऱ्यात एक गुलाबी डाग कायमचा राहिला. बातम्या बघताना निवेदकाच्या खांद्यावर येतो तो. पुसायला मी आता कोणाला हात लावू देत नाही.

तुमची खरी गंमत मला नंतर कळली. पहिली तोड तुम्ही विकायचा नाहीत. पहिले मुळे, पहिली वांगी, सगळी त्या गेममधल्या गावात वाटायचात. दुकानदाराला, डॉक्टरला, नदीवरच्या म्हाताऱ्याला. जुई कपाळ बडवायची, "आजी, अशानं तुझी शेती कधी मोठी होणार?" तुम्ही म्हणायचात, "मोठी नाय झाली तर नाय झाली. दारावरून माणूस मोकळं जाऊ नाय." डॉक्टरनं मुळा घेऊन तोंड वाकडं केलं तर दोन दिवस त्याच्याशी तुमचा अबोला. खरोखरचा अबोला! त्याच्या घरावरून वळसा घालून जायचात.

आणि मग तुम्ही वाट बघायला लागलात. वावरात तण माजलं होतं आणि तुम्ही गावाकडून कोणी येतंय का ते बघत होतात. मी विचारलं, काय झालं? तर म्हणालात, "सावड." मला शब्दच माहीत नव्हता. तुम्ही समजावलंत. आज मी तुझ्या वावरात निंदायला येते, उद्या तू माझ्या वावरात यायचं. मजुरी नाही, हिशोब नाही, पण यायचं म्हणजे यायचं. गावात बायकांनी अख्खा मळा असा काढलेला. "अन् ही माणसं बघ! फुकटचं खातात, निंदायला एक नाय येत!" जुई हसून लोटपोट. "आजी, गेममध्ये कोणी येत नाही. सगळं एकटीनंच करायचं असतं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "मंग तू ये."

मी म्हटलं, आई, यात एका वेळी एकालाच खेळता येतं. खरंच होतं ते. आणि सोयीचंही होतं.

त्याच वर्षी माझी खात्याची परीक्षा होती. दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा बसायची हिंमत नव्हती. नितीन म्हणाला, सोड ना, काय अडलंय? तुम्ही मात्र त्या दिवशी रिमोट खाली ठेवलात. "बस परीक्षेला. घराचं मी बघते." सात महिने! जुईच्या वेण्या, डबे, दळण, भाजी, सगळं. बेडरूमच्या दाराला पाट टेकवून बाहेर खुर्ची टाकून बसायचात, म्हणजे जुई आत येऊ नये. गवारीच्या शिरा काढता काढता आतल्या मला ऐकू येईल असं बोलायचात, "एक वाफा धरला की संपल्याबिगर उठायचं नाय!" मी आत पुस्तकात तोंड खुपसून हसायचे. आई, त्या सात महिन्यांत तुमचा गुडघा रोज सुजत होता, हे मला नंतर जुईकडून कळलं. मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते?

निकाल लागला. पास! पेढ्याचा बॉक्स पुढे केला तर तुम्ही अर्धा पेढा मोडून घेतलात आणि म्हणालात, "तुझी निंदणी झाली. आता माझी. दोन दिवस ये माझ्या वावरात."

"अहो आई, एकालाच येतं खेळता."

"शेजारी बस. मी थकले की तू धर."

"हो, आलेच."

हे 'आलेच' मी किती वेळा म्हटलं असेन! गॅसवर दूध आहे, आलेच. साहेबांचा फोन आहे, आलेच. त्या शेजारच्या खुर्चीवर कधी इस्त्रीचे कपडे असायचे, कधी माझी पर्स. मी नव्हते. बढतीनंतर तर मला भारीच कामं होती, जणू काही नाशिक मीच चालवत होते! तुम्ही एकदाही टोचून बोलला नाहीत. आई, थोडं टोचायचं होतंत की! हाताला धरून बसवायचं होतंत. जुईला बसवायचात, मला का नाही?

मग दवाखाना. तुम्ही तिथं पहिल्या दिवसापासून एकच विचारायचात, "माझ्या कपिलीला चारा घातला का?" मला माहीत होतं की गेम बंद असला की तिथला दिवस पुढे सरकत नाही. पण तुम्हाला कशाला समजावत बसा! मी म्हणायचे, घातला. रोज. एके दिवशी तुम्ही विचारलंत, "दूध किती दिलं?" मी पटकन म्हटलं, दोन लिटर.

तुम्ही डोळे उघडलेत. "एक बाटली देती ती. कव्हाच दोन लिटर नाय देत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तुम्ही हसलात! नळ्या लागलेल्या हातानं माझा हात दाबलात. "अगं, बंद असलं की तिला भूक नाय लागत. जुईनं मला कव्हाच सांगितलंय."

"मग रोज विचारता कशाला?"

"तू बोलती ना मंग माझ्याशी."

आई, या एका वाक्यानं मला दीड वर्ष झोडपून काढलंय. तुम्ही रागावून म्हटलं असतंत तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. तुम्ही तर खूश होऊन म्हणालात. त्यानंतर चार दिवस आपण कपिलीवर काय काय बोललो! तिला मी तीन वासरं केली, शेजारच्या गोठ्याशी भांडणं लावली. तुम्ही सगळं खोटं ऐकून घेत होतात आणि वर प्रश्न विचारत होतात. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

आता कबुली. कालचा शनिवार आणि आजचा रविवार मी तुमच्या वावरात आहे.

जुना कन्सोल दुकानात देऊन नवा घ्यायचा असं ठरत होतं. नितीननंच पिशवीत भरला आणि नितीननंच परत काढला. "राहू दे. आईचं शेत आहे त्यात," एवढंच म्हणाला. मग काल सकाळी मी जुईला म्हटलं, लाव. तुमचा मळा उघडला. तुम्ही सोडलात तो दिवस, तसाच. वांग्याला पहिली फळं लागलेली आणि उगवतीकडचा कोपरा तणानं भरलेला.

काय सांगू, आई, मला ते खुरपं चालवता येईना! तणावर मारायला गेले तर वांग्याचं झाड उपटलं. जुई ओरडली, "मम्मी, आजीनं तुला हाकलून दिलं असतं!" नितीन मागे उभा राहून सूचना करत होता. "डावीकडचं राहिलं." शेतात पाऊल टाकायचा कंटाळा म्हणून नाशिकला पळून आलेला तुमचा मुलगा! शेवटी तोही खाली मांडी घालून बसला. म्हणाला, "आई मला लहानपणी याच कोपऱ्यात झोपवायची. खऱ्या शेतात, म्हणजे." तुमच्याबद्दल तो दीड वर्षात पहिल्यांदा आपणहून बोलला. मग बोलतच राहिला, आणि आम्ही तिघं जेवायचे विसरलो.

पहिली तोड मी विकली नाही. सात घरी वांगी वाटली. डॉक्टरलाही दिली, माझ्याकडून तुमचं भांडण मिटलं असं समजा. आज दुपारी निंदणी संपली. कपिलीला चारा घातला. खरा, म्हणजे त्यातला खरा. तिनं एक बाटली दूध दिलं.

आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, पण मी मानणार. ऑफिसात माझ्या टेबलावर जी अधिकाऱ्याची पाटी आहे ना, ती तुमच्या सुजलेल्या गुडघ्यावर उभी आहे. आणि मला माणसाशी बोलता यायला लागलं ते तुमच्यामुळे, एका न जन्मलेल्या गाईच्या निमित्तानं का होईना. आज माझ्याकडे ज्युनिअर पोरी काम शिकायला येतात, त्यांच्या शेजारी मी खुर्ची ओढून बसते. कोणाकडून शिकले ते त्यांना सांगत नाही, पण तुम्हाला सांगते.

तुमचे दोन दिवस दिले मी, उशिरा आणि वांग्याचं एक झाड मोडून. तुम्ही इथं असताना द्यायचे होते. ते काही आता भरून येत नाही, आणि येतं असं मी तुम्हाला सांगणारही नाही. पुन्हा खोटं बोलले तर तुम्ही लगेच पकडाल.

नवा गेम आला की जुई नवं शेत मांडणार. दुसरं माणूस कोण, म्हणून मैत्रिणींची नावं काढत होती. काल निंदता निंदता मला हळूच म्हणाली, "मम्मी, तू येशील माझ्या शेतात? रोज नको, पण ये." अकरा वर्षांची पोर. अजून दोन-तीन वर्षं विचारेल, मग विचारणार नाही. तर आई, शब्द देते. माझ्या माणसानं हाक मारली की 'आलेच' म्हणून मी ओट्याशी उभी राहणार नाही. हातातलं ठेवीन आणि जाईन.

अजून बरंच लिहायचं होतं. झेंडूचं, तुमच्या निळ्या लुगड्याचं. पण हॉलमधून जुई हाका मारतेय. दुसरी हाक झाली.

जाते.

तुमची सून,
वैशाली