डब्यावर चार ठोके

प्रिय दिलीपदादा,

कुरिअरचं पाकीट बघून शुभावहिनीला वाटेल, सिंगापूरहून बँकेचं काहीतरी आलंय. तुला कागदावर शेवटचं कधी लिहिलं होतं तेही मला आठवत नाही. पण फोनवर मी 'डॉक्टर' म्हटलं की नेमकी तुझ्याकडची रेंज जाते, आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहिल्या की तू नुसता अंगठा पाठवतोस. आता कागदाला पाठव अंगठा.

वहिनीने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस. गाठ स्वरयंत्रात आहे, ते पूर्णच काढावं लागणार, आणि तेही लवकर. आणि तू डॉक्टरांना 'डिसेंबरनंतर बघू' असं सांगून उठून आलास. का, तर डिसेंबरात पद्माकरने चिंचवडला हॉल घेतलाय आणि तुमचा 'ब्लॅक लाइटनिंग' बँड पुन्हा एकदा वाजणार आहे. अरे, साठी आली तुमची! कपाळाला पट्टा बांधायला पद्माकरकडे डोकं आहे, पण पट्ट्याखाली केस नाहीत. हसतेय मी, पण खरं सांगते, वहिनीचा फोन आल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. ऑफिसात आकड्यांची एकच ओळ तीनदा वाचते आणि तरी कळत नाही.

परवा तुझ्या भाचीने तुमचा कॉलनीच्या गणपतीतला फोटो शोधून काढला. क्षिप्राचं म्हणणं, 'मामा so drama lah!' तिला काय सांगू, फोटोत निम्मंही आलेलं नाही. भावगीतांचा कार्यक्रम संपला आणि तुम्ही चौघं स्टेजवर आलात. काकूच्या ब्लाउजपिसाच्या सॅटिनची पँट, आईच्या बांगड्या, आणि मासिकातल्या त्या अमेरिकन बँडसारखे केस उभे राहावेत म्हणून डोक्याला साखरेचं पाणी. डोळ्यांत आईने घरी धरलेलं तुपातलं काजळ. हॅलोजन तापले तसं ते वितळून गालांवर उतरलं, आणि प्रसादाच्या परातीकडे निघालेल्या मुंग्यांनी तुझ्या डोक्याचा रस्ता धरला. तू मान झटकत होतास तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या खरं तर मुंग्यांना मिळायला हव्या होत्या. अण्णा पहिल्या रांगेतून उठून गेले, घरी आल्यावर आठवडाभर तुला 'तमासगीर' म्हणत होते. पण शेवटी तू तो वरचा सूर लावलास आणि सोडलाच नाहीस, तेव्हा चहा पीत उभ्या असलेल्या भावगीतवाल्या बाईंनी मागे वळून बघितलं. आई पुढे कायम तेवढंच सांगायची. बाकी सगळं विसरली, पण त्या बाईंनी वळून बघितलं हे नाही विसरली.

तुमच्याकडे ड्रम येईपर्यंत सरावाला पिठाचा डबा होता आणि डब्यावर मी. मला गायची कोण हौस! पण तू बजावून ठेवलेलं, निशू, तू फक्त मोजायचं, गायचं नाही, घरातलं दूध नासेल. चमच्याने चार ठोके माझे, आणि मग तू. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. माझ्या ठोक्यांशिवाय तू सुरू होत नाहीस, हे मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं.

गेल्या शनिवारी संध्याकाळी क्षिप्रा मला तांजोंग पगारला, माझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीतल्या एका बारमध्ये घेऊन गेली. ऐंशीच्या दशकातलं तुमचं ते सगळं संगीत तिथे हौशी मंडळी वाजवतात. गाणारे अंकल चिनी होते, पिवळा विग, चट्ट्यापट्ट्यांची घट्ट पँट आणि तिच्यावरून डोकावणारं पोट. आमच्या टेबलाशेजारी एक मलय गृहस्थ होते, पांढऱ्या केसांची वेणी घातलेले. त्यांच्या तरुणपणी इथे लांब केसवाल्यांना सरकारी काउंटरवर सगळ्यांत शेवटी घेत असत, हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की जणू त्यांना पदकच मिळालं होतं. तुझी फार आठवण आली. मग तू गणपतीत शेवटी म्हटलेलं ते गाणं आलं. वरचा सूर जवळ आला तसं अंकलनी माइक सरळ लोकांकडे फिरवला, त्यांना तो लागत नसणार. सगळे ओरडले. मीही ओरडले, रडत रडत.

आणि दादा, आता जे लिहितेय ते मी वहिनीला सांगितलेलं नाही. घरी येताना सेंगकांग येईपर्यंत मी मेट्रोत बसून फोनवर डिसेंबरचंच तिकीट काढलंसुद्धा. तुला हॉलमध्ये पुढे बसून ऐकायचं, एकदाच, मग कर म्हणावं ऑपरेशन. तुला मी हट्टी म्हणत होते, आणि माझ्याही मनात तेच होतं. एक महिना इकडे की तिकडे, काय होतंय, असं मीसुद्धा स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी पोळ्या करता करता तुझा आवाज ऐकावासा वाटला, म्हणून क्षिप्राच्या वाढदिवसाला तू गाऊन पाठवलेला मेसेज लावला. तेवढीशी दोन ओळींची गंमत. त्यात तू मध्येच दोनदा थांबला आहेस. श्वास आत घेताना जो आवाज येतो तो तुला ऐकू येतो का रे? तव्यावरची पोळी जळली. आम्ही तो मेसेज कितीदा लावला, हसलो, लोकांना ऐकवला. मी तुझा आवाज ऐकत राहिले, श्वास ऐकलाच नाही.

म्हणून हे लिहायला बसले. तुला समजवायला मुळीच नाही, मी ते तिकीट रद्द केलंय एवढं कळवायला. येत्या गुरुवारी मी पुण्यात पोचते, शुक्रवारी आपण तिघं डॉक्टरांकडे जायचं आणि तू सही करायचीस. तुझा आवाज जाणार याचं मला तुझ्याइतकंच दुःख आहे, खोटं कशाला बोलू? पण तू नसलास आणि तो एकटाच उरला, तर मी त्याचं काय करू? पद्माकरशी मी बोलते, हॉल सोडू नका म्हणून सांगते, कुणीतरी गाईल, तू काजळ घालून पहिल्या रांगेत बस. आणि इकडे परत आल्यावर मी दर रविवारी फोन करीन, नेहमीसारखाच. शब्द नसले तरी उचलायचा. स्वयंपाकघरातला डबा जवळ ओढायचा आणि चमच्याने चार ठोके द्यायचे. पुढचं मी गाईन. नासू दे दूध.

तुझीच,
निशू