शकीलाआपांची तपासणी

१२ जून, लातूर
क्लासच्या ऑफिसात दिवसभर प्रवेशाची गर्दी. सुटल्यावर शकीलाआपांच्या मेसमध्ये. भूकंपानंतर गाव सोडून आल्या त्या, आता आमच्या क्लासच्या पोरींना जेवू घालतात. विम्याची एजन्सी हा माझा जोडधंदा; आपांचा आरोग्य विम्याचा फॉर्म भरून घेतला. सही करताना थांबल्या.
"भाऊ, माझी अम्मी छातीच्या गाठीनं गेली. मला दरसाल तपासून घ्यायचंय. ते बसतंय का यात?"
"हाव आपा, सगळं बसतं."
नियमांचं पुस्तक बॅगेतच होतं. उघडलं नाही. महिन्याचं टार्गेट एका पॉलिसीसाठी अडलं होतं.

९ सप्टें.
आपांनी मॅमोग्राफी केली. कायतरी संशयाचं दिसतंय. डॉ. म्हणाले, सुईनं तुकडा काढून तपासा. आपांनी बिल माझ्याकडं दिलं. "याचे पैसे आले की लगेच करते." मी मान हलवली.

२६ सप्टें.
कंपनीचं पत्र. दवाखान्यात भरती न होता केलेली तपासणी पॉलिसीत बसत नाही. पत्र ड्रॉवरमध्ये, अर्जांच्या खाली. आपांना फोनवर, "प्रोसेसमध्ये हाय."
का बोललो असं?

११ ऑक्टो.
आपा स्वतः ऑफिसात आल्या. माझ्यासाठी डबा. "लई तरास देऊन राहिले भाऊ तुम्हाला." त्यांनीच माफी मागितली! डबा तसाच घरी नेला. बायकोनं, सुनंदानं विचारलं, तेव्हा सगळं ओकलो.
ती एवढंच म्हणाली, "आणि ती बाई अजून तपासणीसाठी थांबलीय?"


१२ ऑक्टो.
पत्र घेऊन मेसमध्ये गेलो. आपा भाकऱ्या थापत होत्या.
"वाचून दाखवा."
वाचलं.
"म्हणजे पैसे येणारच नव्हते?"
"न्हाई."
"तुम्हाला कधी कळलं?"
तारीख सांगितली. त्यांनी गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी तशीच.
"आधी सांगितलं असतं तर चार डबे जास्ती करून पैसे जमवले असते. हे दिवस आता कुठून आणू, भाऊ?"
म्हटलं, पुढच्या तपासणीचा खर्च मी करतो. "नको. नुसते बरोबर चला. डॉक्टर काय बोलतात ते ऐका, आन मला खरं सांगा."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टो.
तुकडा काढला. दवाखान्याच्या काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, "कॅन्सर निघाला, भरती झाल्या, तर आधीच्या तपासण्यासुद्धा क्लेममध्ये धरता येतील." क्षणभर बरं वाटलं. माझा शब्द राहील, असं. मग कळलं मी काय मागून राहिलो. बाकावर बसलो.
"काय म्हणाला तो?" आपांनी विचारलं.
जसंच्या तसं सांगितलं. माझ्या मनात आलं ते मात्र न्हाई सांगितलं. ते इथंच.
आपा बुरखा सावरत म्हणाल्या, "मग न आलेलेच बरे ते पैसे."

२१ ऑक्टो.
लॅबच्या बाकावर लिहितोय. रजा टाकली. रिपोर्टचं पाकीट माझ्या हातात दिलंय, चिकटवलेलं नाही. आपा पोरींची जेवणं उरकून निघाल्यात. त्या आल्यावर डॉक्टरांसमोर उघडायचं, असं ठरलंय.
दोनदा बोट आत गेलं. काढलं.
बाहेर रिक्षा थांबली. आपाच. वही मिटतो. त्यांच्याकडं बघवेना, पण पाकीट न वाचलेलंच त्यांच्या हाती देतो.