लेखकबुवांच्या घरातला रांजण

प्रिय सूलिएन,

तुझ्या मुलाने फोनवर निरोप दिला. आईबाबांच्या नव्या थडग्याच्या दगडावर लेकींमध्ये तुझं नाव घालायचं नाही म्हणे. ‘त्यांनी मला जन्मतःच मोजलं नाही, आता दगडावर कशाला मोजता,’ असं तू म्हणालीस. बरं. जुनं थडगं रस्त्यात गेलं, पाथरवट नवा दगड घासून बसलाय आणि छिंगमिंगच्या, पितरांच्या सणाच्या, आधी त्याला नावं हवीत. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. चौथीत माझी शाळा सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवत बसू नकोस.

गेल्या मंगळवारी आपल्या जुन्या घरी जाऊन आले. आपलं म्हणायचं ते सवयीने. पाटीवर ते लेखकबुवांचं घर आहे. दोनशे वर्षांपूर्वी तो तिथे जन्मला. नंतर अकरा कुटुंबं तिथे चुली मांडून राहिली, ते पाटीवर नाही. सत्तरीपुढच्यांना फुकट सोडतात, नाहीतर मी कशाला जाते! बाहेर लेखकबुवांच्या नावाचं आंबवलेलं टोफू विकायला ठेवलंय. आपण चौघं जिथे दाटीवाटीने झोपायचो ती खोली आता त्याची अभ्यासिका झालीय. मेजावर कुंचला, शेजारी दिवा, आणि मोरी होती तिथे बांबूची कुंडी. शेजारच्या झूकाकूने अंगणात बांधलेलं स्वयंपाकघर तर कधीच पाडलं, तिथे आता लाल माशांचं टाकं आहे. मासे मात्र चांगले पोसलेत.

मी गेले ते रांजण बघायला. बाजारात आलं घेताना कुणीतरी म्हणालं की गटार खणताना त्या घरात पुरलेल्या दारूचा रांजण सापडला. मुलीच्या जन्माला पुरतात, लग्नात काढतात, तसला. मी आलं तिथेच विसरून आले. माझा तर माझ्या लग्नात निघाला होता, तुझ्या भावोजींच्या काकांनी निम्मा एकट्याने संपवला.

काचेच्या पेटीत ठेवलाय. खाली लिहिलंय की लेखकांनी कन्येच्या जन्मी स्वतः पुरला, झाकणाच्या मातीवर त्यांच्याच बोटांचे ठसे. चार ठसे, त्यातला मधल्या बोटाचा आखूड. माहिती सांगणारी पोरगी कमरेला भोंगा लावून सगळ्यांना सांगत होती की रात्रंदिवस लिहून लिहून महान लेखकांचं ते बोट झिजलं होतं. लोक आहाहा करत होते. एका बाईने तर डोळे पुसले.

सूलिएन, कुंचला धरून कुणाचं बोट पेरभर झिजतं का? दारूच्या भट्टीवर तांदूळ वाफवायच्या पिंपाचं झाकण पडून कुणाचं बोट तुटलं होतं, हे तुला ठाऊक नसेल, तू जन्मायची होतीस. मी म्हटलं, ‘अगं पोरी, हा माझ्या बापाचा हात आहे.’ ती म्हणाली, ‘आजी, दोरीच्या मागे व्हा. इथे रोज एक तरी माणूस लेखकांचा वंशज निघतो.’ मी म्हटलं, ‘वंशज कोण म्हणतंय? माझा बाप भट्टीवर हमाल होता, त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.’ सगळे हसले. मागचा एक जण म्हणाला, ‘आजींनी सकाळीच उघडलेली दिसते बाटली.’ मी म्हटलं, ‘उघडली असती तर तुला दिली नसती, मेल्या.’ मग आणखी हसले. मी भांडत बसले नाही. रांजण त्यांना राहू दे, आपल्या घरात ठेवायला जागा कुठे आहे!

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या लग्नाआधी तू, तुला वाढवणाऱ्या मेंगांच्या गावाहून, आली होतीस. पुलावर उभं राहून तू मला विचारलंस, ‘ताई, माझ्यासाठी बाबांनी पुरला होता का?’ मी म्हणाले, ‘नाही.’ पुरला होता, हे मला ठाऊक होतं. तू महिन्याची झालीस त्या दिवशी बाबांनी खड्डा खणला, तेव्हा माती ओढायला मीच होते. पण तोवर त्याच जागेवर झूकाकूची चूल आली होती. चूल हलवा, फरशी फोडा, वस्तीच्या समितीची परवानगी आणा, तिची बोलणी खा. बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती, आई अंथरुणावर होती. एका रांजणासाठी एवढा खटाटोप कोण करणार म्हणून एका शब्दात उरकलं. त्या शब्दावर तू बापाशी नातं तोडलंस हे कळलं, तेव्हा सांगायला मला तोंड राहिलं नव्हतं. चाळीस वर्षं राहिलं नाही. उपासमारीत तुला मेंगांकडे दिलं, हे खरं आहे. पण त्याच हिवाळ्यात भट्टीचा मुकादम त्या रांजणाच्या बदल्यात सहा भोपळे द्यायला तयार होता. घरात दाणा नव्हता, आई भुकेने सुजली होती. बाबा म्हणाले, ‘तो माझा नाही, सूलिएनचा आहे. तिला विचारून देतो, मोठी झाली की.’ मुकादम शिव्या घालत गेला. तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागव, त्या माणसाला सोड. पाथरवटाला तुझं नाव सांगून आलेय. माझ्या नावाशेजारी, माझ्याएवढ्याच अक्षरात. नको असेल तर स्वतः ये आणि छिन्नीने काढ, मी दगड धरते. त्याआधी तेवढा ठसा बघून घे. सोमवारी मात्र येऊ नकोस, सोमवारी घर बंद असतं.

बोललीस, न बोललीस, तरी तुझीच,
यिनमेइ