पाच पाटांची जागा

विक्रोळी,
सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६

प्रिय नलिनी वहिनी,

नमस्कार. तुझी आणि दहिसरच्या सगळ्यांची प्रकृती ठीक असेल असं धरून चालते. आम्ही बरे आहोत.

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी रिसॉर्टच्या बुकिंगची पावती घरी आणून दिली. सोबतची तुझी चिठ्ठीही मिळाली.

२. सव्वीस जानेवारीला जोडून आई, बाबा, दादा आणि मी गोराईला दोन दिवस राहून आलो.

३. तिथे आई बाबांच्या शेजारी बसून जेवली.

४. घरातली भांड्यांची मांडणी आता भिंतीवर चढवली आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीचा संबंध आहे. तो कळावा म्हणून हे पत्र.

तू माहेरी दहिसरला निघून गेल्यावर बुकिंग रद्द करशील असं आम्हाला वाटलं होतं. तू लिहिलंस, ‘खोल्या रद्द करू नका. आईंना समुद्राजवळ नुसतं बसू दे.’ चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवशी आईने सामान बांधायला घेतलं. जेवणखाण पैशांत धरलेलं आहे हे तिला दोनदा सांगितलं. तरी वातीचा स्टो, तांदूळ, सोलं आणि सुकट बरोबर आलंच. खाडी ओलांडताना होडीतल्या एका कोळणीने पिशवी बघितली आणि विचारलं, “काय गं, गोराईला दुकान टाकतेस काय?” बाबा किनारा येईपर्यंत हसत होते.

जागा छान आहे. सुरूची झाडं, खाली बाकडी, आणि नारळाच्या झापांच्या मांडवात जेवायची टेबलं. मालकीण फिलोमिना आंटी गावातलीच, स्वतः रांधते. पहिल्या दुपारी तिने चार ताटं मांडली. बाबा आणि दादा बसले. आई बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणून मीही उभी राहिले. बाबांचा भात कमी झाला की आईचा हात पातेल्यासाठी पुढे व्हायचा. पातेलं तिथे नव्हतंच.

आंटी म्हणाली, “बाई, तुम्ही जेवायला आलात की कामाला?”

“पुरुषांचा होऊ दे. मगे आमी बसतो.”

“माझ्याकडे मगे काही नाही. जेवणं झाली की मी भांडी घासायला टाकते. बसा बघू.”

दादाने उठून खुर्ची ओढून दिली. आई खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखी बसली. पहिला घास घ्यायला भातात बोटं घातली आणि चटकन मागे घेतली.

“केवढो गरम हा,” ती म्हणाली.

बाबा म्हणाले, “भात गरमच असता गो.”

“तुमचो असता.”

ती रागाने म्हणाली नाही. माहिती दिल्यासारखं म्हणाली. मग तिने नीट जेवून घेतलं आणि भात पुन्हा मागितला.

संध्याकाळी ती वाळूत बसली. तू लिहिलं होतंस तशीच, नुसती. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, “त्या दिवशी नलिनी ऑफिसातून उपाशीच इली मां?”

मी म्हटलं, “हो.”

“जागा नाय म्हणान मागाहून बसतो आमी.”

तू भूक लागली म्हणून दादाशेजारी बसलीस, आईने तुझ्यापुढचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि दादा खाली मान घालून जेवत राहिला. हे आम्हा दोघींनाही आठवत होतं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आई म्हणाली, “कंपनीचे एवढे नकाशे काढतंस, आपल्या खोलीचो काढ बघया.” मी टेप घेऊन मापं घेतली. मांडणी वर गेली आणि पाण्याचं पिंप मोरीकडे सरकलं, तर पाच पाट बसतात. दाटीने, पण बसतात. दादाने भिंतीत ब्रॅकेट ठोकले. एक तिरका गेला, तो मी पुन्हा काढायला लावला.

आता आम्ही चौघे एकदमच बसतो. “वाढूक कोण उठतला?” असं आईने विचारलं तेव्हा दादा “मी” म्हणाला. तो उठला आणि आमटी सांडली. फार मोठा बदल झाला आहे असं मी लिहिणार नाही.

तो दोनदा दहिसरला येऊन गेला हे मला ठाऊक आहे. तू काय म्हणालीस ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पाचवा पाट आईने दाराच्या बाजूला धरला आहे. तिथे वारा येतो.

माझ्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण आभाराचं पत्र अर्धवट राहू नये. पॉलिटेक्निकच्या अर्जावर बाबा सही करत नव्हते, तेव्हा तू लग्न होऊन येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तरी तू त्यांच्यासमोर बसून राहिलीस, सही होईपर्यंत. ड्रॉइंग बोर्डापाशी उभी राहिले की मला ते आठवतं. गोराईबद्दल आभार मानते आहे, त्यात हेही धर. घरात माझ्याशी बोलणारं कोणी नाही. ही तक्रार नाही, आहे ते लिहिते आहे.

आई रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणते. दादाही बरोबर येतो म्हणाला, त्याला तिने थांबवलं. म्हणाली, “ताट मी उचललां, तेव्हा मीच जातलंय.” दारात आल्यावर तिला पुढचं बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून मीच विचारते. तू परत येशील का? आणि रविवारी आईने तुझ्याकडे यावं की नको?

शुक्रवार, सात तारखेपर्यंत कळव.

तुझी,
जया