आईनं वाचलेली कादंबरी

दादा,

आईला घेऊन भोसरीला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे चाललेय. शिफ्टमध्ये तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून ठेवतेय. कुकरमध्ये खिचडी आहे.

वाचनगटासाठी मी आणलेली कादंबरी आईनंही वाचली. तिच्यातली बाई घरचं सगळं करते, पण तिला जगावंसंच वाटत नाही. गटात सगळ्या म्हणाल्या, फार रडकी आहे. मी आईला तेच सांगितलं, तर ती म्हणाली, "रडकी कुठं गं? त्या बाईचा मुलगा जवळ बसून विचारतो तरी, काय होतंय म्हणून. नशीबवान आहे."

मग मी विचारलं, "आई, तुला काय होतंय?"

भांडी तशीच टाकून ती खाली बसली आणि खूप रडली. "तुझे बाबा गेल्यापासून रोज सकाळी वाटतं, डोळे उघडूच नयेत." आपल्याला वाटत होतं, ती सावरली.

आम्ही आल्यावर तिला समजवायला जाऊ नकोस. टेन्शन घेऊ नको, असंही म्हणू नकोस. नुसता शेजारी बस.

आत्ता चप्पल घालताना म्हणतेय, "दादाला कळवू नको हं, दमून येतो बिचारा."

निशी